हंगामभर टिकलेले सोबती

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत ‘पाखरांच्या शिकारीचे सोबती’ असा विषय वाचून काही श्रोत्यांस हा छापखान्याचा प्रमाद वाटला असेल, तर त्यांचा दोष नाही. इतिहास म्हटला की लढाया, तह, सनदा आणि बखरी, असे आपल्या मनात ठरलेले असते. त्यातून शिकार म्हटली तर वाघाची; लावे-तित्तिरांची कसली शिकार आणि कसला तिचा इतिहास! शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आपल्याकडे ही शिकार आता बंद झाली आहे आणि ती बंद झाली हे चांगलेच झाले. आम्ही स्वतः बंदूक कधी हाती धरलेली नाही. तरीही हा विषय आम्ही घेतला, कारण आपल्या खानदेशातील एक पाखरू ११३ वर्षे हरवले होते आणि ते पुन्हा सापडण्यामागे कोणी कोणाची सोबत कितपत इमानाने केली, हाच खरा प्रश्न होता. त्या पाखरापर्यंत आम्ही येऊच. पण वाट थोडी दुरून आहे.

प्रथम ही शिकार कशी असे ते सांगितले पाहिजे. वाघाची शिकार म्हणजे दोन-चार दिवसांचे प्रकरण. मचाण बांधले, हाका घातला, वाघ निघाला तर निघाला, नाही तर साहेब परत गेला. पाखरांचे तसे नाही. आश्विन सरता सरता उत्तरेकडून बदके उतरू लागतात, भातखाचरांत पाणलावे येतात, कापणीनंतर शेतांत लावे आणि तित्तिर उघडे पडतात. आणि हे सारे फाल्गुनापर्यंत चालते. म्हणजे हंगाम पाच महिन्यांचा. एकट्या माणसाला तो साधत नाही. तळ्यावर एकच बंदूक असली की पहिल्या बारासरशी सगळी बदके उठतात आणि दोन कोसांवरच्या दुसऱ्या तळ्यावर जाऊन बसतात. तेथे दुसरा कोणी दबा धरून असला तरच ती फिरून येतात. लावे उठवावयाचे तर चार-सहा माणसांनी एका ओळीत, सारखे अंतर ठेवून, शेत तुडवीत जावे लागते, आणि ओळीतला एक जण जरी पुढे धावला तरी साऱ्यांचा खेळ बिघडतो. पाणलाव्यासाठी तर गुडघाभर चिखलातून सकाळभर चालावयाचे. पहिल्या थंडीत असे सोबती हवे तितके मिळतात. पौषात, पहाटे चारला, मागच्या तीन खेपा रिकाम्या हाताने परत आल्यावर जो चौथ्या खेपेस दार ठोठावताच उठतो, तो मिळणे कठीण. लग्नाचा जोडीदार शोधताना आपण जितकी चौकशी करतो, तितकी जुने शिकारी या बाबतीत करीत असत, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

राजेलोकांना ही अडचण कधी पडली नाही. त्यांनी सोबती शोधले नाहीत, ते पगारी ठेवले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये श्येनविनोद, म्हणजे ससाण्याकरवी पाखरे मारण्याचा खेळ, आलेला आहे. कूर्माचलाचा, म्हणजे कुमाऊँचा, राजा रुद्रदेव याने तर ‘श्यैनिकशास्त्र’ नावाचा एक संबंध संस्कृत ग्रंथ याच विषयावर लिहिला. पण तेथे पाखरू मारणारा ससाणा, ससाणा सांभाळणारा सेवक आणि पाहणारा राजा. सोबत म्हणावी असे त्यात थोडेच आहे. इंग्रजी अमदानीत याच थाटाचा कळस भरतपुरास झाला. तेथील जलाशयावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात एका दिवसात ४,२७३ पाखरे मारली गेली. तो आकडा तेथे दगडावर कोरलेला आहे. पाहुणे संध्याकाळी निघून गेले. अशा शिकारीतून ना मैत्री उरते, ना ज्ञान. दगडावरचा आकडा तेवढा उरतो.

आमचा आजचा नायक वेगळा. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण शाळेत काँग्रेसचे संस्थापक म्हणून पाठ केले आहे. परंतु काँग्रेसच्या आधी वीस-पंचवीस वर्षे हा गृहस्थ पाखरांच्या पाठीमागे लागलेला होता आणि त्याच्या काळी हिंदुस्थानातील पाखरांविषयी त्याच्याइतके जाणणारा दुसरा कोणी नव्हता. १८४९ साली तो बंगालच्या मुलकी नोकरीत आला. इटाव्याचा कलेक्टर असताना १८५७ च्या उठावात त्याचा पहिला संग्रह नाश पावला. त्याने तो नव्याने सुरू केला. १८६७ पासून तीन वर्षे तो अंतर्गत जकातीचा कमिशनर होता. मिठावरची जकात चुकू नये म्हणून सरकारने शेकडो मैल काटेरी कुंपण लावले होते, त्याची देखरेख याच्याकडे. माणसाला मीठ महाग करणाऱ्या त्या कुंपणाविषयी बोलण्याची ही जागा नव्हे. पण त्या नोकरीत फिरती अफाट होती आणि त्या फिरतीत ह्यूमच्या ध्यानात आले की, या देशाची पाखरे एका माणसाच्या आयुष्यात हाताखालून जावयाची नाहीत. सोबती हवेत, आणि तेही एका तळ्यावरचे नव्हेत, सिंधपासून ब्रह्मदेशापर्यंतचे.

मग त्याने काय केले? त्याने टपालाचा आश्रय केला. १८७२ च्या अखेरीस त्याने ‘स्ट्रे फेदर्स’, म्हणजे ‘विखुरलेली पिसे’, या नावाचे नियतकालिक स्वतःच्या खर्चाने काढले. ज्याच्या हाती बंदूक आहे आणि ज्याला संध्याकाळी तंबूत बसून चार ओळी लिहिण्याचा आळस नाही, अशा कोणाही माणसाला त्यात जागा होती. १८७४ साली त्याने संग्राहकांसाठी एक लहानसे मार्गदर्शक पुस्तक कलकत्त्यास छापले. पाखराचे कातडे कसे सोलावे, त्यास कीड लागू नये म्हणून काय करावे, अंडी आणि घरटी कशी बांधून पाठवावी, हे सारे त्यात आहे. पण ह्यूमचा खरा कटाक्ष चिठ्ठीवर असे. पाखरू कोठे मारले, कोणत्या तारखेस, नर की मादी, ताजे असताना डोळे, चोच आणि पाय यांचा रंग काय होता, हे त्याच दिवशी लिहून चिठ्ठी पाखराच्या पायाला बांधावयाची. आठ दिवसांनी आठवून लिहिलेल्या चिठ्ठीस तो किंमत देत नसे. आमच्या मते, सोबती पारखण्याची ह्यूमची कसोटी ती हीच. नेम चुकणारा त्याला चालत होता, पण चिठ्ठी चुकणारा चालत नव्हता.

या टपाली मेळ्यात आपल्या मुलखाची माणसे किती होती, हे पाहिले म्हणजे नवल वाटते. अहमदनगरकडे वडाळ्यास राहणारे अमेरिकन मिशनरी फेअरबँक यांनी खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव या भागांतील पाखरांची यादी १८७६ साली ह्यूमकडे पाठविली. १८७८ साली जेम्स डेव्हिडसन हे मुलकी अधिकारी आणि रेल्वेकडील वेंडन या दोघांनी मिळून दख्खनच्या पाखरांवर लेख लिहिला. १८८० साली व्हिडाल यांनी दक्षिण कोकणची यादी दिली. हे व्हिडाल म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरचे मुख्य लेखक. लष्करातील कॅप्टन बटलर यांनी दख्खन आणि दक्षिण महाराष्ट्र यांची सूची तयार केली. एक मिशनरी, दोन मुलकी अधिकारी, एक रेल्वेवाला, एक शिपाईगडी! यांतील कित्येकांची आणि ह्यूमची प्रत्यक्ष भेट कितीदा झाली असेल, ते हाताच्या बोटांवर मोजावे लागेल. पण हंगामामागून हंगाम त्यांची पार्सले सिमल्याच्या रॉथनी कॅसलकडे, ह्यूमच्या घराकडे, जात राहिली.

येथे एक गोष्ट आम्हांस बोलल्यावाचून राहवत नाही. या यादीत नावे साहेबांचीच आहेत. कलेक्टरसाहेबांनी लावा मारला असे चिठ्ठी म्हणते. पण कोणत्या बांधाखाली लावे बसतात ते ज्याने दाखविले, पाण्यात उतरून पडलेले पाखरू ज्याने शोधून आणले, रात्री दिव्यापाशी बसून ज्याने ते सोलले, त्याचे नाव त्या चिठ्ठीवर शोधून सापडत नाही. आपल्या मुलखात तो बहुधा पारधी असे किंवा भिल्ल असे. फासेपारध्याची विद्या काय वर्णावी! घोड्याच्या केसांचे फासे ओळीने मांडून, तित्तिराच्या आवाजात शीळ घालून तो पाखरू जिवंत धरतो. त्याला काडतूसही लागत नाही. साहेबांची बदली दर दोन-तीन वर्षांनी होई, हा मात्र तेथेच असे. पूर्ण हंगाम टिकलेला सोबती म्हणावा तर हाच. सरकारने त्याची वासलात काय लावली? १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे वाढवीत नेऊन पारध्यांसारख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले. तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला. कागदावरून, असे आम्ही मुद्दाम म्हणतो.

सोबत्यांची सोबत नेहमी गोडच असते असे नाही. ह्यूमने मार्शल नावाच्या लष्करी मित्राबरोबर हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन येथील शिकारीच्या पाखरांवर तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात काढला. मजकूर ह्यूमचा, चित्रांची व्यवस्था मार्शलकडे. चित्रे विलायतेत तयार झाली आणि त्यांतली कित्येक ह्यूमच्या मनास मुळीच आली नाहीत. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. ह्यूमने आपली नापसंती त्याच ग्रंथात छापून टाकली! भागीदाराचे काम वाईट झाले हे भागीदारीच्याच पुस्तकात लिहिणारा हा माणूस सरकारी नोकरीत कसा टिकावा? १८७९ साली त्याला हिंदुस्थान सरकारच्या सेक्रेटरीच्या जागेवरून खाली उतरविले गेले आणि १८८२ साली त्याने नोकरी सोडली.

नोकरी सुटली तरी आयुष्याचे काम हाती होते. हिंदुस्थानच्या साऱ्या पाखरांवर एक मोठा ग्रंथ लिहावयाचा, त्यासाठी पंचवीसएक वर्षांच्या टिपणांचे आणि सोबत्यांच्या पत्रांचे ढीग रॉथनी कॅसलमध्ये रचलेले होते. हिवाळ्यात ह्यूम खाली मैदानात उतरला. परत येऊन पाहतो तो ते कागद जागेवर नाहीत. घरच्या एका नोकराने ते रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकले होते. सिमल्याच्या दुकानांतून त्या कागदांत काय काय बांधले गेले असेल, कोण सांगणार! तळ्याकाठी कुडकुडत लिहिलेल्या शेकडो सकाळी अशा पुड्यांतून गेल्या. ह्यूमचे मन त्यानंतर त्या ग्रंथावर बसले नाही. त्याने आपला सारा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊ केला. १८८५ साली तेथील बाउडलर शार्प हे जातीने सिमल्यास आले, देवदाराच्या ४७ पेट्या तेथेच बनवून घेतल्या आणि कातडी व अंडी मिळून सुमारे ८२,००० नग विलायतेस रवाना झाले. घरट्या-अंड्यांवरील ह्यूमच्या जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती, जी टिपणे वाचली होती त्यांच्या आधारे, ब्रह्मदेशात इंजिनियर असलेल्या ओट्स या सोबत्याने १८८९-९० मध्ये सिद्ध केली. ज्याचे कागद गेले त्याचे काम दुसऱ्याने पुरे करावे, ही सोबतीची परिसीमाच म्हणावयाची.

याच सुमारास, १ मार्च १८८३ रोजी, ह्यूमने कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना एक पत्र लिहिले. त्या पत्रात त्याची मागणी मोठी मौजेची होती: आम्हांस हजारो माणसे नकोत, आरंभाला खरी अशी पन्नास माणसे पुरेत. १८८५ च्या डिसेंबरात पहिली काँग्रेस पुण्यास भरावयाची होती. पुण्यात पटकीची साथ आली म्हणून ती मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावी लागली, आणि २८ तारखेस तेथे ७२ प्रतिनिधी जमले. पाखरांच्या शिकारीतून काँग्रेस निघाली, असे विधान आम्ही करणार नाही. कोणी केले तर आम्हीच त्यास हसू. परंतु दूरदूरच्या माणसांना पत्रांनी हाका घालावयाच्या, थोडीच पण टिकणारी माणसे हेरावयाची आणि वर्षातून एकदा साऱ्यांचे लिखित एकत्र बांधावयाचे, ही रीत त्याने प्रथम कोठे गिरविली होती, हे ‘स्ट्रे फेदर्स’चे अंक चाळणाऱ्यास सांगावे लागत नाही.

आता त्या हरवलेल्या पाखराकडे वळू.

१८७२ च्या डिसेंबरात मध्यप्रांतात, रायपूर-संबळपूर रस्त्यालगतच्या रानात, ब्लूइट नावाच्या सोबत्याने एक लहानसे घुबड मारले आणि ह्यूमकडे पाठविले. आपल्या गावठाणातल्या पिंगळ्यासारखेच ते दिसत होते, पण नीट पाहता निराळे ठरले. १८७३ साली ह्यूमने त्याचे वर्णन छापले आणि सोबत्याची आठवण म्हणून त्याचे नाव ब्लूइटवरून ठेवले. मराठीत त्यास आपण रानपिंगळा म्हणतो. त्यानंतर ते पाखरू फारच थोड्यांच्या हाती लागले. ज्यांच्या हाती लागले त्यांत प्रमुख म्हणजे वर उल्लेख केलेले जेम्स डेव्हिडसन. १८८० नंतरच्या तीन-चार हंगामांत, खानदेशात नेमणुकीवर असताना, त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या रानांतून काही रानपिंगळे मिळविले. १८८४ नंतर मात्र त्याची खात्रीची नोंद नाही.

हे डेव्हिडसन म्हणजे सोबत करण्यासाठीच जन्मास आलेले गृहस्थ असावेत. पुढे ते कारवारकडे कलेक्टर झाले. तेथे जंगल खात्यातील बेल आणि मीठ-जकात खात्यातील एटकिन यांच्याशी त्यांची गट्टी जमली आणि तिघांनी मिळून उत्तर कानड्याच्या फुलपाखरांवर १८९६-९७ मध्ये संयुक्त लेखमाला प्रसिद्ध केली. एटकिन तर आपल्या साताऱ्यात जन्मलेले. १८८३ साली मुंबईत ज्या आठ जणांनी निसर्ग इतिहास मंडळ स्थापिले त्यांपैकी एक. त्या आठांत आपले डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हेही होते, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक नसते.

रानपिंगळा दिसेना म्हटल्यावर विसाव्या शतकात त्याचा शोध सुरू झाला. १९७० नंतरच्या दशकात सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणत्यांनीही तो केला, आणि हात हलवीत परत आले. शोधणाऱ्यांपाशी एक मोठा धागा होता. कर्नल माइनर्त्झहागेन या नामांकित इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याची चिठ्ठी म्हणत होती की, हा १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीस मारला. म्हणजे सगळ्यांत ताजी नोंद ती. साहजिकच लोक तिच्यावर विसंबले.

पुढे पामेला रॅसमुसेन या अमेरिकन विदुषीने त्या कातड्याची झडती घेतली. क्ष-किरणांनी पाहिले, टाके तपासले, आत भरलेला कापूस तपासला. कातडे एकदा उसवून पुन्हा भरलेले होते आणि मूळची सोलण्याची धाटणी कर्नलची नव्हतीच. ती होती डेव्हिडसन यांची. पन्नास-शंभर पाखरे सोललेल्या माणसाचा हात हस्ताक्षरासारखा ओळखू येतो. थोडक्यात सांगावयाचे तर, ब्रिटिश म्युझियममधून डेव्हिडसन यांचा खानदेशातील रानपिंगळा उचलला गेला होता, त्याच्या पायाची खरी चिठ्ठी काढून टाकलेली होती आणि खोटी बांधलेली होती. हे प्रकरण १९९९ साली रीतसर प्रसिद्ध झाले. कर्नलसाहेब १९६७ सालीच वारले होते. त्यांच्या संग्रहातील आणखीही कितीतरी पाखरे अशीच दुसऱ्याची निघाली.

मांडवीची चिठ्ठी बाद केल्यावर उरल्या त्या जुन्या सोबत्यांच्या चिठ्ठ्या. त्यांवर विसंबून रॅसमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरात आधी पूर्वेकडच्या रानांत हिंडले. तेथे काही मिळाले नाही. मग ते खानदेशात, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आले. डेव्हिडसन तेथेच हिंडले होते. २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, भर उन्हात, एक रानपिंगळा बसलेला दिसला. हे घुबड दिवसा वावरते, एवढी साधी गोष्ट रात्री शोधणाऱ्यांना चकवीत आली होती. सकाळच्या त्या घटकेस तिघांच्या हातांत दुर्बिणी आणि कॅमेरे होते, बंदूक नव्हती.

त्यानंतर तोरणमाळ, मेळघाट, यावल या भागांत रानपिंगळ्याच्या नोंदी झाल्या आणि २०१४ साली तर तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात आढळला. डेव्हिडसन यांची उरलेली कातडी अजून संग्रहालयांच्या खणांत आहेत. गावाचे नाव, तारीख, नर की मादी, सारे पायाला बांधलेले आहे. तापीकाठच्या त्या रानात साहेबांच्या पुढे चालून “तो पाहा” म्हणून झाडाकडे बोट दाखविणारा जो कोणी भिल्ल असेल, त्याच्या नावापुरती जागा मात्र त्या चिठ्ठीवर तेव्हाही ठेवलेली नव्हती.